सैल अंगरखा

दिल्लीत आमच्या वसाहतीलगतच्या बाजारात एक वृद्ध शिंपी बसतात. गेल्या तीन वर्षांत माझ्या एकाच विजारीची कंबर त्यांनी सहा वेळा आत घेतली. प्रत्येक खेपेस ते मापाची फीत माझ्या कमरेभोवती फिरवीत, आकडा वहीत टिपून घेत आणि समाधानाने मान हलवीत. सहाव्या खेपेनंतर मी पुन्हा गेलो, तेव्हा त्यांनी विजार उलटीसुलटी करून पाहिली आणि ती माझ्या हाती परत देत ते म्हणाले, "साहेब, आता यात काही करण्यासारखे उरलेले नाही. मागचे दोन्ही खिसे एकमेकांना भेटावयास आले आहेत. आता नवी शिवा."

मी नवी विजार शिवावयास टाकली आणि मोठ्या आनंदात घरी आलो. त्या रात्री स्नानगृहातील आरशासमोर उभा राहिलो, तेव्हा मात्र शिंप्याचे शब्द मला निराळ्याच अर्थाने आठवले. विजार आत घेता येते, सदरा उसवून पुन्हा शिवता येतो. परंतु जन्मतःच अंगावर शिवून मिळालेला हा जो अंगरखा, तो चार मापे मोठा होऊन बसला तर कोणाकडे न्यावयाचा? त्या सैल अंगरख्याविषयीच आज मला आपल्याशी बोलावयाचे आहे.

विषय थोडा संकोचाचा आहे, म्हणून प्रथम माझा हिशेब सांगून टाकतो. मी सरकारी नोकर आहे. वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी माझे वजन १२४ किलो होते. आज ते ७७ किलो आहे. म्हणजे ४७ किलो मी कुठे तरी सोडून आलो. सिमेंटचे पोते पन्नास किलोंचे असते. त्याहून तीनच किलो कमी. एवढे ओझे मी रोज कार्यालयाच्या पायऱ्यांवरून वर नेत होतो आणि संध्याकाळी खाली आणीत होतो, आणि याबद्दल मला कोणी भत्ता देत नव्हते!

मी मूळचा वाईचा. वाईच्या कृष्णाकाठचा गणपती आपणांपैकी पुष्कळांनी पाहिला असेल. त्याच्या भव्य आकारामुळे लोक त्याला प्रेमाने 'ढोल्या गणपती' म्हणतात. नोकरी लागल्यावर काही वर्षांनी मी सुटीत घरी गेलो, की घाटावरचे जुने मित्र म्हणत, "आले, दुसरे आले!" मीही त्यांच्याबरोबर हसत असे. पुढे रक्तातील साखर वाढली, रक्तदाब वाढला, गुडघे बोलू लागले. डॉक्टरांनी एके दिवशी तपासणीचे कागद माझ्यासमोर ठेवले आणि सरकारी टिपणीच्या भाषेत सांगावयाचे तर 'तात्काळ कार्यवाही'चा शेरा मारला. त्यांच्या देखरेखीखाली आहार बदलला आणि पहाटे लोदी उद्यानात चालावयास आरंभ केला. अडीच वर्षे लागली. वजन कसे उतरवावे हे मी आज सांगणार नाही. ते सांगणारे लोक हल्ली घरोघरी आहेत. वजन उतरल्यानंतर काय होते, हे सांगणारे मात्र मला कोणी भेटले नाही.

या कथेत आणखी एक व्यक्ती आहे. ती म्हणजे माझी कन्या. आज ती दहा वर्षांची आहे. सात वर्षांची असताना तिने मला पोहावयास शिकवण्याची गळ घातली होती. माझे बालपण कृष्णेच्या पाण्यात गेले, पाठीला वाळलेला भोपळा बांधून मी सहाव्या वर्षी पाण्यात उडी मारली, या गोष्टी मी तिला फुगवून सांगितल्या होत्या. त्याचे हे फळ! त्या देहाने चारचौघांत कपडे उतरवण्याची माझी छाती नव्हती. मी म्हणालो, "बाळ, माझे वजन उतरू दे. मग मी स्वतः तुला शिकवीन." तिने ते वचन लक्षात ठेवले. माझ्या वजनाचा आकडा ती दर रविवारी दिनदर्शिकेवर लिहून ठेवी. आकडा ऐंशीच्या खाली आला, त्या दिवशी तिने त्याभोवती लाल पेन्सिलीने वर्तुळ काढले आणि विचारले, "बाबा, आता तुम्ही येणार ना?"

आणि नेमकी त्याच वेळी माझी गाठ या सैल अंगरख्याशी पडली. पोट गेले होते, परंतु पोटाची पिशवी राहिली होती. ती कमरेखाली घडी होऊन लोंबत होती. छातीवरचे मांस ओघळले होते. हात वर केला की दंडाखालची कातडी दोरीवर वाळत घातलेल्या पंचासारखी हलत होती. मांड्यांवर चुण्या पडल्या होत्या. गाल उतरल्यामुळे मी पाच वर्षांनी म्हातारा दिसू लागलो होतो. कार्यालयात अभिनंदन करणारे होते, तसेच हळूच बाजूला घेऊन "प्रकृती ठीक आहे ना? सगळ्या तपासण्या केल्यात ना?" असे विचारणारेही होते. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, ही म्हण मी लहानपणापासून ऐकत आलो. ती आपल्याच अंगावर वाचावयास मिळेल, असे मात्र कधी वाटले नव्हते.

मौज अशी, की या अवस्थेला आपल्या भाषेत शब्दच नाही. जाड माणसासाठी आपल्याकडे लठ्ठ, स्थूल, ढोल्या, गलेलठ्ठ अशी शब्दांची रास आहे. बारीक माणसाला किडकिडीत, काटकुळा, पाप्याचे पितर म्हणून आपण मोकळे होतो. चरकसंहितेत 'अष्टौनिन्दितीय' नावाचा एक अध्याय आहे. निंदित मानलेल्या आठ प्रकारच्या देहांत तेथे अतिस्थूल आणि अतिकृश या दोघांची गणना केली आहे, आणि या दोघांत कृश तेवढा बरा, असा कौलही दिला आहे. मी तो अध्याय मोठ्या आशेने वाचला. परंतु एका टोकाकडून निघून मधल्या मुक्कामाला पोहोचलेल्या, आणि जुन्या घरचे पडदे अंगावर घेऊनच आलेल्या प्रवाशाचे वर्णन काही मला त्यात सापडले नाही.

असो. शब्द नाही म्हणून वस्तू नाहीशी होत नाही. ती का होते, हे मी समजून घ्यावयाचे ठरवले. माझा पिंड वाङ्मयाचा. तरी फाईल नीट वाचल्याखेरीज शेरा मारू नये, एवढी शिस्त नोकरीने लावली आहे.

प्रौढ माणसाची त्वचा पसरली तर सुमारे दीड ते दोन चौरस मीटर भरते. सुश्रुताने तिचे सात थर मानले, चरकाने सहा. आजचे शास्त्र बाह्यत्वचा, अंतस्त्वचा आणि त्यांखालचा मेदाचा पदर अशी मांडणी करते. मधल्या अंतस्त्वचेत दोन प्रकारचे धागे विणलेले असतात. कोलॅजनचे धागे सुताच्या दोऱ्यासारखे बळकटी देतात. इलॅस्टिनचे धागे रबरासारखे ताणले जातात आणि पुन्हा आखडतात. यांतील इलॅस्टिनची बेगमी मुख्यतः गर्भावस्थेत आणि बालपणी होऊन जाते. प्रौढपणी जुने धागे झिजले, तुटले, तर तशाच गुणाचे नवे धागे फारसे तयार होत नाहीत. व्हिएन्नाच्या कार्ल लँगर या शरीररचनाशास्त्रज्ञाने १८६१ साली एक सुंदर गोष्ट प्रसिद्ध केली. मृतदेहाच्या त्वचेला त्याने गोल अणकुचीदार हत्याराने भोके पाडली, तेव्हा ती भोके गोल न राहता लांबट झाली. म्हणजे आपली त्वचा स्वस्थ स्थितीतही ढोलकीच्या पानासारखी ताणलेली असते. तो ताण आहे तोवर आपण तिला विसरून असतो.

माणूस वर्षानुवर्षे जाड राहिला, की त्वचा केवळ ताणली जात नाही. सततच्या ताणाखाली ती खरोखरच वाढते, नवी तयार होते. कापड वाढले, म्हणूनच आतला देह आटल्यावर झोळ पडतो. हा झोळ कोणाला किती पडावा, हे वयावर, जाडी किती वर्षे टिकली त्यावर, वजन किती उतरले त्यावर, आनुवंशिकतेवर, उन्हावर आणि धूम्रपानावर अवलंबून असते. विशीतल्या तरुणाची त्वचा बरीचशी आवरून घेते. चाळिशी ओलांडलेल्याची तितकी नाही. वजन स्थिर झाल्यावर वर्ष-दोन वर्षे ती थोडीफार आखडत राहते. पुढे जे उरते, ते उरते. हे वाचून मला एका परीने हलके वाटले. तोपर्यंत माझा समज असा होता, की व्यायामात मी कोठे तरी आळस केला, त्याचीच ही खूण राहिली. वस्तुतः यात माझी कसूर नव्हती. जुन्या मोज्याचे रबर सैल पडते, त्याबद्दल कोणी पायाला दोष देत नाही.

कारण समजले, तरी दिनक्रमातला त्रास उरतोच, आणि तो केवळ दिसण्यापुरता नाही. आपला देश उष्ण. दिल्लीचा मे महिना कोरडा, तर मुंबई, कोलकाता, चेन्नई येथील हवा दमट. त्वचेला त्वचा घासते, मध्ये घाम साठतो, वारा लागत नाही, आणि पोटाच्या घडीत व जांघेत लाल चट्टे उठतात. त्यांत बुरशी शिरते. मधुमेह असलेल्यांना हा उपद्रव अधिक. पहिल्या उन्हाळ्यात मी एक मूर्खपणा केला. डॉक्टरांकडे जाण्याची लाज वाटली, म्हणून औषधाच्या दुकानात जाऊन हलक्या आवाजात मलम मागितले. मिळालेल्या नळीत स्टेरॉइड मिसळलेले होते. चार दिवस चट्टे विझल्यासारखे झाले आणि मग दुप्पट जागेवर पसरले. अखेर त्वचारोगतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी रागावून ती नळी टोपलीत टाकली, योग्य औषध दिले आणि म्हणाले, "दुखणे लपवलेत, म्हणून वाढले."

त्यांनी सांगितलेला नित्यक्रम साधा आहे. सौम्य साबणाने घड्या धुवाव्यात. न घासता, टॉवेलने टिपून टिपून त्या अगदी कोरड्या कराव्यात. घडीत पातळ, मऊ सुती कापड ठेवावे आणि ते भिजले की बदलावे. घरी जुन्या लुगड्याच्या मऊसूत चिंध्या जपून ठेवण्याची पद्धत असते. तिचे मोल मला तेव्हा कळले. अंगाबरोबर बसणारी सुती बंडी आत घातली, की जिना चढताना कातडी हलत नाही, ओढत नाही, आणि सदराही नीट बसतो. चट्टा, दुर्गंध किंवा जखम दिसली तर वाट न पाहता डॉक्टरांना दाखवावे.

कातडी आखूड करण्याच्या उपायांकडे वळलो, तेव्हा निराशा अधिक आणि लाभ थोडा, असा अनुभव आला. तऱ्हेतऱ्हेची तेले झाली, महागडी मलमे झाली. मालिशने त्वचा मऊ राहते, कोरडी पडत नाही. पण एवढी वाढलेली त्वचा आखूड करणारे मलम अद्याप निघालेले नाही. तसे सांगणाऱ्या जाहिराती मात्र पुष्कळ निघतात. व्यायामाचा उपयोग झाला. तो कातडीवर होत नाही. तिच्याखालच्या स्नायूंवर होतो. रिकाम्या उशीत थोडा कापूस भरावा, तसे खांदे, दंड आणि मांड्या स्नायूंनी काहीशा भरून येतात. वाईच्या तालमीत मी लहानपणी जोर-बैठका पाहिल्या होत्या, मारल्या नव्हत्या. चव्वेचाळिसाव्या वर्षी, डॉक्टरांना विचारून, भिंतीला हात टेकून मी जोरांचा श्रीगणेशा केला. स्नायू भरावयाचे तर पोटात प्रथिने हवीत, म्हणून डाळ, उसळ, दही आणि अंडी यांनी ताटात भाताची जागा घेतली. पोटाची घडी यामुळे गेली नाही. दंड मात्र निश्चित सुधारले.

उरला मार्ग शस्त्रक्रियेचा. त्वचा कापून नीट बेतण्याची विद्या आपल्या देशाला नवी नाही. टिपू सुलतानाच्या कैदेत ज्याचे नाक कापले गेले होते, त्या कावसजी नावाच्या गाडीवानाचे नाक पुण्याच्या एका कारागिराने कपाळाची त्वचा वळवून पुन्हा घडवले, त्याचा सचित्र वृत्तांत लंडनच्या एका मासिकात १७९४ साली छापला गेला आणि युरोपातील वैद्य चकित झाले. पोटाची लोंबती त्वचा आणि मेद आडव्या छेदाने काढण्याची शस्त्रक्रिया अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात हॉवर्ड केली यांनी १८९९ साली केली. आज ती आपल्याकडील मोठ्या शहरांतून होते. मी एका शल्यविशारदांची भेट घेतली. त्यांनी कागदावर पोटाचे चित्र काढून सगळे समजावले. एका कमरेपासून दुसऱ्या कमरेपर्यंत खालच्या बाजूस छेद घ्यावयाचा, वरची त्वचा सैल करून खाली ओढावयाची आणि जास्तीची कापून टाकावयाची. बेंबी जागच्या जागी ठेवून तिच्यासाठी नव्या त्वचेत नवे काज पाडावयाचे! ते ऐकून मला पुन्हा आमचे शिंपी आठवले.

परंतु ते सद्गृहस्थ प्रामाणिक होते. ते म्हणाले, "मी तुमची सैल कातडी घेईन आणि तुम्हांला एक लांब व्रण देईन. तो कायमचा राहील. हा सौदा मनापासून मान्य असेल तरच या." वजन निदान सहा महिने स्थिर असले पाहिजे. जठराची शस्त्रक्रिया करून वजन उतरवलेल्यांना साधारण वर्ष-दीड वर्ष थांबावयास सांगतात. धूम्रपान काही आठवडे आधीपासून बंद हवे, कारण त्याने जखम भरत नाही. साखर आटोक्यात हवी. जखमेत पाणी साठणे, जंतुसंसर्ग होणे, टाके उसवणे, पायांतील रक्तवाहिन्यांत गुठळी होणे, हे धोके लहान नाहीत. पोट, दंड, मांड्या सगळेच करावयाचे तर एकाहून अधिक वेळा शस्त्रक्रिया करावी लागते. ज्यांच्या घड्यांत वारंवार जखमा होतात, चालणे अवघड होते, त्यांनी हा विचार संकोच सोडून अवश्य करावा. तो शौक नव्हे, उपचार आहे. मी मात्र "विचार करून कळवतो" असे सांगून उठलो. सरकारी नोकराला हे वाक्य चांगले साधते.

खरे सांगावयाचे तर विचार करण्याइतके माझे मन स्वस्थ नव्हते. त्याच सुमारास मी कन्येला घेऊन एका तरणतलावावर गेलो होतो. तिने नवा पोशाख घेतला होता. डोक्याला घट्ट बसणारी निळी टोपी ती घरापासूनच घालून आली होती. मी कपडे बदलण्याच्या खोलीत शिरलो. सदऱ्याची गुंडी काढली, आणि भिंतीवरच्या मोठ्या आरशात स्वतःला आणि शेजारच्या दोन तरुणांना एकाच वेळी पाहिले. ते माझ्याकडे पाहत नव्हतेही कदाचित. मी गुंडी पुन्हा लावली. बाहेर येऊन कन्येला म्हणालो, "बाळ, मला आज कणकण वाटते आहे." ती काही बोलली नाही. घरी येईपर्यंत तिने ती निळी टोपी काढली नाही. माझे वजन १२४ किलो होते तेव्हा मी तिच्याशी खोटे बोललो नव्हतो. ७७ किलो झाल्यावर बोललो.

त्या हिवाळ्यात एक विचित्र विचार मनात घर करू लागला. भरलेलो होतो तेव्हाच बरे होतो. निदान कातडी तरी टवटवीत होती! दिल्लीचा हिवाळा आणि गाजराचा हलवा यांनी या विचाराला हातभार लावला, आणि पाहता पाहता चार किलो परत आले. हा धोका मी मुद्दाम सांगतो, कारण तो बाहेरून दिसत नाही. आरशातल्या लाजेपायी माणूस पुन्हा जुन्या ओझ्याकडे वळू शकतो. सुदैवाने पत्नीने एके सकाळी माझा साखरेचा जुना कागद आणि नवा कागद शेजारी शेजारी ठेवले. ती एवढेच म्हणाली, "यांतले कोणते अंग हवे, ते तुम्हीच ठरवा." ते चार किलो उतरवावयास मला तीन महिने लागले.

पुढल्या मे महिन्यात आम्ही वाईला गेलो. आई शहात्तर वर्षांची आहे. एके दुपारी मी स्नान करून पंचा लावून न्हाणीतून बाहेर आलो आणि ओसरीवर बसलेल्या आईला पाहून झटकन सदरा अंगावर ओढला. तिच्या ते ध्यानात आले.

"अरे, माझ्यासमोर कसली लाज?" ती म्हणाली.

मी पुटपुटलो, "आई, फार वाईट दिसते."

तिने हातातली सुपली खाली ठेवली. "माझं पोट पाहिलंस कधी? तुम्ही चौघं राहून गेलात त्यात. चौघांच्या वेळी सुईणीनं पोट घट्ट बांधलं होतं. तरी सैल पडायचं ते पडलंच. बिऱ्हाड उठून गेलं की घर सैल पडतंच रे. म्हणून मी काय तोंड लपवून बसले?" मग थोडे थांबून म्हणाली, "पोरगी पाण्याची वाट बघतेय. तुझं पोट कोण बघतंय?"

श्रोतेहो, मी एम.ए. झालो, शरीरशास्त्रावरचे ग्रंथ वाचले, दोन तज्ज्ञांचा सल्ला घेतला. आणि इतक्या दिवसांत एक साधी गोष्ट माझ्या ध्यानात आली नव्हती. ज्या अवस्थेला शब्द नाही म्हणून मी हळहळत होतो, ती माझ्या आईच्या, माझ्या पत्नीच्या, घरोघरच्या स्त्रियांच्या अंगावर लिहिलेली होती. त्यांनी तिच्यासह पाणी भरले, स्वयंपाक केला, लग्नकार्ये उरकली. पुरुषाला ती चाळिशीनंतर भेटली, तेव्हा त्याला वाटले की जगात हे आपल्यालाच घडले!

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही चुलतभावाच्या मळ्यातील विहिरीवर गेलो. पायऱ्यांची जुनी विहीर; पाणी हिरवे, थंड. भावाची मुले आधीच सूर मारीत होती. मी सदरा काढला आणि कडुनिंबाच्या फांदीला अडकवला. मुलांनी पाहिले. त्यांतला धाकटा, आठ वर्षांचा, दोन पावले पुढे येऊन म्हणाला, "काका, तुमचं पोट असं का?" मी म्हणालो, "अरे, इथे पूर्वी एक फार जाड माणूस राहत होता. तो गेला." त्याचे समाधान झाले असावे, कारण त्याने लगेच पाण्यात उडी मारली.

कन्येच्या पाठीला पत्र्याचा हवाबंद डबा बांधला आणि मी तिला घेऊन पाण्यात उतरलो. पाण्यात गेल्यावर एक चमत्कार होतो. कातडीचे ओझे नाहीसे होते. ती ओढत नाही, घासत नाही. पाण्याबरोबर सावकाश हलते, इतकेच. पहिला अर्धा तास कन्या माझ्या दंडाला गच्च धरून होती. मी हात सोडवू लागलो की तिची बोटे त्या सैल कातडीत अधिकच रुतत.

"बाबा," ती दात वाजवीत म्हणाली, "तुमचा दंड आजीच्या हातासारखा मऊ आहे."

"मग?"

"धरायला चांगला आहे."

आठव्या दिवशी तिने डबा सोडला आणि विहिरीची रुंदी एकटीने पार केली. पलीकडच्या पायरीला हात लावून तिने वळून पाहिले, तेव्हा मी पाण्यात छातीपर्यंत उभा होतो. सदरा फांदीवर होता, आणि त्या आठ दिवसांत तो कोठे आहे हे मी एकदाही पाहिले नव्हते.

दिल्लीस परतल्यावर आम्ही पुन्हा त्याच तरणतलावावर जाऊ लागलो. कोणी पाहतात, कोणी पाहत नाहीत. एकदा एका स्थूल गृहस्थांनी कपडे बदलण्याच्या खोलीत माझ्या पोटाकडे बराच वेळ पाहिले आणि संकोचाने विचारले, "किती उतरवलेत?" मी आकडा सांगितला. मग हा सैल अंगरखाही दाखवला, आणि जे आज आपणांस सांगितले, तेच त्यांना सांगितले. ते आता पहाटे लोदी उद्यानात भेटतात.

शस्त्रक्रियेचा प्रश्न अजून माझ्या मेजावर आहे. ती करून घेईन की नाही, हे आज ठरलेले नाही. उन्हाळ्यात चट्टे फार होऊ लागले, तर बहुधा करीन. ती फाईल लाजेने उघडू नये आणि लाजेने बंदही करू नये, एवढे मी ठरवले आहे. तोवर मऊ सुती कापड, अंगाबरोबरची बंडी, सकाळचे जोर आणि रविवारचे पोहणे यांवर आमचा संसार ठीक चालला आहे. दिनदर्शिकेवर आता माझ्या वजनाचा आकडा कोणी लिहीत नाही. त्या जागी कन्या आपण किती फेऱ्या मारल्या ते लिहिते. परवाच्या रविवारी तेथे 'बारा' असे लिहिले होते, आणि शेजारी कंसात, बारीक अक्षरात, 'बाबा – नऊ'.